पाच एप्रिलचा वार

पौर्णिमा जिना चढून आली आणि बापाच्या अंगावरून सरळ पुढं जाऊन इफ्फत मॅडमच्या टेबलासमोर बसली. शेषराव खिडकीशी उभे होते. मुलीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, मले तुमच्याशी बोलाचं आहे," ती म्हणाली. "बाबायशी नाही."

अमरावतीच्या राजकमल चौकामागं, एका चष्म्याच्या दुकानावर, इफ्फत सय्यदांचं एका खोलीचं ऑफिस होतं. विमा कंपनीसाठी जळालेले कापसाचे जिनिंग कारखाने आणि उलटलेले ट्रक तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मग नोकरी सोडून त्यांनी स्वतःच चौकशीची कामं घ्यायला सुरुवात केली. शेषराव पोलिसातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांच्यासोबत आले. बंद दारं उघडून घ्यायचं काम त्यांचं, आत काय दिसतं ते बघायचं काम मॅडमचं.

आज दार उघडून आत आली होती ती त्यांचीच मुलगी. ते बाहेर जायला निघाले, तर मॅडमनी हातानंच थांबवलं.

पौर्णिमानं सांगितलं ते शेषरावांना अर्धंअधिक माहीत होतं. तिचा नवरा श्याम अकोल्याच्या एमआयडीसीत, नत्थुजी वडतकरांच्या बियाण्याच्या प्लांटमध्ये पॅकिंगचा सुपरवायझर. या जूनमध्ये बार्शीटाकळीकडच्या काही गावांत वडतकरांचं सोयाबीन उगवलंच नाही. लोकांनी उरलेल्या पिशव्या फोडल्या. आत बियाणं नव्हतंच, तेलाच्या मिलमध्ये टाकायचं जुनं मेलेलं सोयाबीन होतं. पिशवीवरच्या लेबलवर पॅकिंगची तारीख होती, पाच एप्रिल दोन हजार सात. त्या दिवशी पॅकिंगवर कोण होतं, असं कृषी खात्याच्या निरीक्षकानं विचारलं. प्लांटनं हजेरीपत्रक पुढं केलं. त्यात श्यामचं नाव होतं.

श्यामला कामावरून काढलं. सोमवारी पोलिसांत तक्रार जाणार होती.

"आणि ते लोक घरी आले," पौर्णिमा म्हणाली. "बार्शीटाकळीचे. कोनी शिवी देली नाही, मॅडम, कोनी हात उचलला नाही. आंगनात येऊन नुसते बसून राहिले, दुपारभर. मी पानी देलं तर पेले नाही."

श्यामचं म्हणणं एवढंच, की त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि पाच एप्रिलला गुरुवार होता. तो प्लांटमध्ये नव्हताच. एप्रिलच्या सुरुवातीला दोघं रिद्धपूरला दर्शनाला गेले होते. तारीख पौर्णिमाला आठवत नव्हती, पण गुरुवार होता हे पक्कं. बायकोची साक्ष कोण धरणार?

तिला खरं टोचत होतं ते यानंतरचं होतं. ही बातमी कळल्यावर शेषराव अकोल्याला गेले होते, आणि उंबऱ्यातच, चौकीत विचारावं तशा आवाजात त्यांनी श्यामला म्हटलं होतं, जावईबुवा, खरं काय ते सांगून टाका. श्याम एक शब्द बोलला नाही. अजूनही बोलत नव्हता.

पत्रकाची झेरॉक्स टेबलावर ठेवून पौर्णिमा निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत शेषराव तसेच उभे होते. आपण चुकलो की नाही, हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं. नोकरीभर त्यांनी माणसं खोटं बोलताना पाहिली होती. कागद खोटं बोलताना फारसा पाहिला नव्हता.

मॅडमनी झेरॉक्स त्यांच्याकडं सरकवली. कॉम्प्युटरवर केलेलं पत्रक होतं. डाव्या बाजूला एप्रिलच्या तारखा एकाखाली एक, वर माणसांची नावं, आणि प्रत्येक खान्यात 'हजर' किंवा 'सुट्टी'. पाच तारखेसमोर श्यामच्या नावाखाली 'हजर'.

"काय दिसतं?" मॅडमनी विचारलं.

"दिसाचं काय, स्पष्टच लिहेल आहे." शेषरावांनी चष्मा वर केला. "फक्त तारखा गबाळ्यासारख्या टाकल्या. वरच्या उजव्या रेघेले चिकटून, खालच्या डाव्या रेघेले. नव्या भरतीची पलटन कवायतीले उभी केल्यासारखी."

"रांग कुठं तुटते?"

त्यांनी बोट ठेवलं. "बारानंतर. तेरापासून सारे डावीकडं."

मॅडमनी वाकून ती जागा पाहिली. मग म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाऊ."

एसटीत शेषरावांना धड बसवेना. मूर्तिजापूर मागं पडलं तशी मध्येमध्ये उघडी काळी वावरं दिसायला लागली. शेजारच्या वावरात हिरव्या ओळी उभ्या आणि इथं काहीच नाही. एका ठिकाणी माणसं पुन्हा पेरत होती. वडतकरांचं बियाणं एवढ्या दूर आलं नसेल, दुसऱ्या कशानं गेलं असेल, असं ते स्वतःला समजावत होते. श्याम खरंच त्या दिवशी तिथं असेल तर काय, हा विचार मात्र समजावून जात नव्हता.

प्लांटच्या ऑफिसात नत्थुजी वडतकर भेटले. सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा. पिशवीवर आपलं नाव आहे आणि लोक त्या नावावर पैसे मोजतात, हे त्यांनी दोनतीनदा सांगितलं. श्यामवर आपला जीव होता, हेही सांगितलं. बाकीचं त्यांचा पुतण्या देवमन सांगेल म्हणाले.

देवमन मॅनेजर होता. चाळिशीचा, चटपटीत, इस्त्रीच्या शर्टातला. त्याच्या टेबलावर नवाकोरा लॅपटॉप होता. मेव्हण्यानं दिवाळीत येताना अमेरिकेतून आणला, असं त्यानं मॅडमनी विचारायच्या आधीच सांगितलं.

हजेरीचं त्यानं नीट समजावून दिलं. पूर्वी हजेरी हातानं लिहायचे, त्यात फार गोंधळ व्हायचा. बिल्कीस नावाची मुलगी ऑपरेटर म्हणून आली, तिनं कॉम्प्युटरवर पत्रक बसवलं. महिन्याची पहिली तारीख टाकली की बाकीच्या तारखा आपोआप येतात. तारखेवरून वार कोणता ते पत्रक स्वतःच काढतं आणि ज्याची त्या वारी सुट्टी असेल त्याच्या खान्यात 'सुट्टी' टाकतं. श्यामची गुरुवारी, दुसरा सुपरवायझर ताहेर याची सोमवारी. प्लांट मात्र सातही दिवस चालू.

"माणसाचा हात लागतच नाही, मॅडम. लबाडीले जागाच नाही."

पाच एप्रिलला तर गुरुवार होता, मग श्याम हजर कसा, असं मॅडमनी विचारलं. देवमन अडखळला नाही. त्या दिवशी ताहेरला अमरावतीच्या डेपोवर पाठवायचं होतं. म्हणून त्यानं श्यामची सुट्टी आधीच बदलली होती.

"एक तारखेले रविवारची सुट्टी त्याले मीच देली आणि गुरुवारी बोलावलं. माझ्यासमोर हो म्हणाला तो. पत्रकातही पाहा, एकला सुट्टी, पाचला हजर."

शेषरावांनी झेरॉक्स उघडून पाहिली. एक तारखेसमोर खरंच श्यामची सुट्टी होती. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

बार्शीटाकळीला कुठला माल गेला त्याची यादी मॅडमनी मागितली. देवमननं लगेच लॅपटॉपवरून छापून दिली. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्रानं आपसूक ६/२८/२००७ असं छापलं होतं. कसला तरी नंबर असेल, असं म्हणून शेषरावांनी कागद घडी करून खिशात घातला. मॅडमनी तो मागून घेतला, कोपरा पाहिला आणि परत दिला. खालची यादी त्यांनी वाचलीच नाही.

निघताना देवमन हळूच म्हणाला, की पत्रक बिल्कीसच्या हातात असतं आणि ताहेर तिचा मामेभाऊ आहे. आपण काही म्हणत नाही. फक्त माहीत असावं.

ताहेर गोदामात थप्प्या लावून घेत होता. पाच एप्रिल त्याला चांगली आठवत होती. सकाळीच देवमनसाहेबांनी नमुन्याच्या पिशव्या देऊन जीपनं अमरावतीला पाठवलं. काम काही खास नव्हतं, डेपोवाल्यानं पिशव्या पाहिल्याही नाहीत. रात्री बहिणीकडं राहिला, दुसऱ्या दिवशी अकोल्यात उतरून जुम्म्याची नमाज पढली आणि तसाच ड्युटीवर आला.

"शुक्रवारी ड्युटीवर होते तुम्ही? नक्की?" मॅडमनी विचारलं.

"हौ, दुपारपासून. पॅकिंगची फरशी धुतलेली होती, म्हणून याद आहे. एप्रिलमध्ये इथं प्यायले पाणी नसते, फरशी कोण धुते? मी विचारलं, तर कोणीच सांगेना. गुरुवारचे मजूरही बाहेरचे होते म्हणे, आपले नेहमीचे नव्हते."

शेषराव कोपऱ्यात सरकून झेरॉक्सवर बोट फिरवत होते. सहा एप्रिल, शुक्रवार. ताहेरच्या नावाखाली 'सुट्टी'. माणूस डोळ्यात डोळे घालून खोटं बोलत होता. शेषरावांना जरा हुशारी वाटली.

बिल्कीसचं टेबल ऑफिसच्या दाराशी होतं. बावीसतेवीस वर्षांची, ओढणी नीट घेतलेली, बोलायला तयार पण भ्यालेली. एप्रिलचं पत्रक तिच्या कॉम्प्युटरमध्ये आता नव्हतं. गेल्या आठवड्यात देवमनसाहेबांनी मशीनमध्ये व्हायरस आहे म्हणून सगळं पुसून घेतलं. छापलेल्या प्रती साहेबांच्या कपाटात असतात. श्यामची सुट्टी एप्रिलमध्ये बदलली होती का, ते तिला आठवत नव्हतं. सीझनमध्ये कोणी ना कोणी सुट्टी बदलतच असतं, आणि तसा बदल सांगितला की ती टाकते.

कोरं पत्रक मात्र तिच्या पेनड्राइव्हवर होतं. मॅडमनी तिला एप्रिलचं पत्रक पुन्हा करून दाखवायला सांगितलं. हातातली झेरॉक्स त्यांनी तिला दाखवली नाही.

बिल्कीसनं एकच तारीख टाकली. त्याबरोबर पडद्यावर महिनाभराच्या तारखा भराभर खाली उतरल्या. शेषरावांना ते दृश्य आवडलं. सगळ्या तारखा उजव्या रेघेला खांदा लावून, सावधानमध्ये उभ्या. शेजारच्या खान्यांत 'हजर' आणि 'सुट्टी' आपोआप भरलं गेलं.

"या तारखा हातानं बदलता येतात?" मॅडमनी विचारलं.

"नाही. त्या भागाला मी कुलूप लावलंय. पासवर्ड फक्त मला माहीत आहे. सुरुवातीला जो तो येऊन तारखा खोडायचा, म्हणून."

बाहेर चहाच्या टपरीवर शेषरावांनी आपला तर्क मांडला, जरा चाचरतच, कारण मॅडमसमोर ते बोलणं त्यांना अवघड जात होतं. बिल्कीस आणि ताहेर नात्यातले. पासवर्ड एकटीकडं. ताहेर शुक्रवारबद्दल खोटं बोलला. गुरुवारी अमरावतीला गेलो म्हणतो, पण कशावरून?

"संशय घ्यायला लाजू नका, शेषरावजी," मॅडम म्हणाल्या. "पण पुरता घ्या. पत्रक खरं असेल तर ताहेर खोटा. आणि ताहेर खरा असेल तर?"

त्यांनी टपरीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलचं पान काढायला सांगितलं. पाच तारखेला गुरुवार होता. दहाला मंगळवार.

"आता पत्रकात दहा तारीख बघा. श्यामची सुट्टी आहे. मंगळवारी. आणि बाराला, खऱ्या गुरुवारी, तो हजर. पुढं एकोणीसला, सव्वीसला सगळं ठीक, गुरुवारीच सुट्टी. म्हणजे बारा तारखेपर्यंत सुट्ट्या भरकटतात आणि नंतर शुद्धीवर येतात."

शेषरावांना काही कळेना. त्यांनी चहा अर्धा टाकला. मॅडम डेपोवाल्याला फोन करायला एसटीडी बूथवर गेल्या, तेवढ्यात ते चालत श्यामच्या घराकडं निघाले. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले. श्याम ओट्यावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर कुठंच न बघता. दाढी वाढली होती. शेषरावांच्या मनात आलं, जाऊन शेजारी बसावं. पण बसून बोलायचं काय? तुमचं खरं आहे असं म्हणायला अजून हातात काही नव्हतं, आणि काही हातात आल्यावरच म्हणायचं तर त्या म्हणण्याला किंमत काय. ते तसेच मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींच्या खोलीत सगळे जमले. मॅडमनी आग्रह धरून कृषी निरीक्षकांनाही बोलावलं होतं. देवमन लॅपटॉप घेऊन आला, कारण मॅडमनी त्याला मालाची यादी पुन्हा लागेल असं सांगितलं होतं. ताहेर आणि बिल्कीस भिंतीशी उभे होते. श्याम दाराजवळ. शेषराव त्याच्यापासून हातभर अंतरावर, पण दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

यादी राहू द्या, मॅडम म्हणाल्या. देवमननं एक नवं पत्रक उघडावं आणि आपण नेहमी लिहितो तशी पाच एप्रिलची तारीख लिहावी. देवमननं खांदे उडवले आणि लिहिली, ०५/०४/२००७.

मॅडमनी बिल्कीसला बोलावलं. तिनं पेनड्राइव्हवरचं आपलं सूत्र शेजारच्या खान्यांत टाकलं, तारखेवरून वार आणि वारावरून हजेरी काढणारं. पडद्यावर उमटलं ते नत्थुजींनी मोठ्यानं वाचलं. "शुक्रवार. श्याम हजर."

नत्थुजींनी मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "पन पाचले त गुरुवार होता."

"आता दहा तारीख लिहा," मॅडम म्हणाल्या.

देवमनचा हात थांबला होता. तारीख बिल्कीसनं लिहिली. गुरुवार, श्याम सुट्टी. मग एक तारीख. तीही गुरुवार, श्याम सुट्टी. मग सहा. सोमवार, ताहेर सुट्टी. निरीक्षक खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले होते. शेवटी बिल्कीसनं तेरा तारीख लिहिली. ती तारीख टुणकन उडून खान्याच्या डाव्या रेघेला जाऊन बसली आणि वाराच्या जागी नुसती चुकीची खूण आली.

मॅडमनी झेरॉक्स टेबलावर पसरली.

"हा लॅपटॉप अमेरिकेतून आला. तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस. काल याच लॅपटॉपवरून निघालेल्या कागदावर यंत्रानं स्वतःहून तारीख टाकली, ६/२८. अठ्ठावीस जूनला ते असं म्हणतं. इथं कोणी आपल्या पद्धतीनं पाच-चार लिहिलं, तर ते त्याला पाचव्या महिन्यातली चार तारीख समजतं. चार मे. त्या दिवशी शुक्रवार होता. दहा-चार म्हणजे त्याच्या लेखी चार ऑक्टोबर. बारापर्यंत हे चालतं, कारण महिने बारा आहेत. तेरावा महिना नसतो. म्हणून तेरापासून पुढचं त्याला तारीखच वाटत नाही, नुसती अक्षरं वाटतात. खरी तारीख ते उजवीकडं लावतं, अक्षरं डावीकडं. या कागदावरची रांग बारानंतर तुटली आहे, हे शेषरावजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला कळायला अकोल्याला यावं लागलं."

शेषरावांना सगळे आपल्याकडं बघत असल्यासारखं वाटलं. त्यांनी नजर जमिनीवर ठेवली.

मॅडम पुढं बोलत राहिल्या. बिल्कीसच्या पत्रकात तारखा कोणी लिहीत नाही, त्या आपोआप उतरतात, सगळ्या उजवीकडं. म्हणजे निरीक्षकांना दिलेलं पत्रक बिल्कीसच्या मशीनवरचं नव्हतं. तिच्या पत्रकाला कुलूप होतं, म्हणून कोणीतरी नवं केलं. सूत्रं तेवढी तिची उचलली आणि तारखा स्वतःच्या हातानं भरल्या. तेरापासून चुकीच्या खुणा दिसल्या, तेव्हा तिथं कॅलेंडर बघून हजेरी हातानं टाकली. वरच्या बारा ओळींत चूक दिसत नव्हती, म्हणून त्या तशाच ठेवल्या. शिवाय पाच तारखेला हवं होतं तेच नाव यंत्रानं आपणहून दिलं होतं. मग मूळ पत्रक राहू नये म्हणून बिल्कीसच्या मशीनला व्हायरस लागला.

देवमन लगेच म्हणाला, "मशीनची चूक झाली असंन. बिल्कीसची फाईल उघडत नव्हती म्हणून मी नवी केली, निरीक्षकसाहेबायले घाई होती. मी मुद्दाम श्यामचं नाव नाही टाकलं. मशीननं टाकलं."

निरीक्षकांनी मान हलवली, म्हणजे हे होऊ शकतं अशी. इतकं होऊनही हा माणूस सुटणार, असं शेषरावांना वाटून गेलं.

"मशीननं टाकलं, हे मला मान्य आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एक तारखेची श्यामची सुट्टीही मशीननंच टाकली. आत्ता सगळ्यांनी पाहिलं, एक एप्रिलला ते चार जानेवारी समजलं आणि गुरुवार म्हणून सुट्टी देऊन बसलं. खरी सुट्टी त्या रविवारी कोणी दिलीच नव्हती. पण तुम्ही मला काय सांगितलं, देवमनराव? रविवारची सुट्टी मीच दिली, माझ्यासमोर तो हो म्हणाला. जे घडलंच नाही ते तुम्हाला आठवत कसं होतं?"

देवमननं लॅपटॉप स्वतःकडं ओढला.

मॅडमनी आवाज चढवला नाही. कागदावर जे उमटलं त्याला जुळेल अशी गोष्ट देवमननं नंतर रचली होती. श्यामची सुट्टी गुरुवारी, ताहेरला त्याच दिवशी बिनकामाचं अमरावतीला पाठवलं. डेपोवाल्यानं कालच फोनवर सांगितलं होतं, की ताहेर आला होता आणि त्या पिशव्या कोणी मागवल्या नव्हत्या. दोन्ही सुपरवायझर दूर, मजूर बाहेरचे, आणि संध्याकाळी फरशी धुऊन काढलेली, म्हणजे मिलच्या सोयाबीनचा भुसा सापडू नये. लेबलं त्या दिवशी खऱ्या तारखेची लागली, कारण तेव्हा कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. नाही उगवलं तर लोक पावसाला दोष देतील, हा भरवसा होता. गेली काही सालं वऱ्हाडात लोक तेच करत आले होते.

नत्थुजी पुतण्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "चांगलं बियानं कुठं गेलं, देवमन?"

देवमननं लॅपटॉपचं झाकण मिटलं. परतवाड्याच्या पलीकडं, मध्य प्रदेशातल्या एका व्यापाऱ्याचं नाव त्यानं घेतलं. आवाज इतका खाली होता, की निरीक्षकांना पुन्हा विचारावं लागलं. नत्थुजी म्हणाले, लिहून घ्या, साहेब. मग भिंतीकडं तोंड करून बसले.

ताहेर बिल्कीसला घेऊन बाहेर पडला. तिला आता रडू येत होतं. श्यामला नत्थुजींनी हाक मारली, कामावर ये म्हणाले. श्याम म्हणाला, येईन, पण आधी पाच तारखेच्या आगेमागे मी स्वतः भरलेल्या पिशव्या गोदामात आहेत, त्या मला बार्शीटाकळीला द्या. नत्थुजींनी मान न वळवताच हात हलवून होकार दिला.

फाटकापाशी शेषरावांनी श्यामला गाठलं. बोलायचं काय ते त्यांनी जिना उतरताना ठरवलं होतं, पण ऐन वेळी काहीच आठवेना.

"चुकलो," एवढंच ते म्हणाले.

श्यामनं त्यांच्याकडं पाहिलं. "मामाजी, तुमी मले विचारलं त्याचं वाईट नाही वाटलं. पोलीस होते, विचारसानच. पन उत्तर ऐकाच्या आधीच तुमचं तोंड पडलं होतं. पौर्णिमानं ते पाह्यलं." मग तो म्हणाला, "गाडीत जागा आहे. चलता?"

पिशव्यांची गाडी दुपारी गावात पोचली. पौर्णिमाही आली होती, पुढं ड्रायव्हरजवळ बसून. माणसं जमली. त्यात श्यामच्या अंगणात बसून गेलेली दुर्गाबाई होती, साठीची, उन्हानं रापलेली, एकटीच्या जोरावर वावर करणारी. शेषराव गाडीच्या फळीवर उभे राहिले. जमावासमोर बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी सांगितलं, की पाच एप्रिलला माझा जावई प्लांटमध्ये नव्हता, सुट्टीवर होता. ज्यानं केलं तो सापडला आहे. आणि सगळ्यात आधी माझ्या जावयावर संशय मीच घेतला होता, तेव्हा तुम्हाला बोलायला मला तोंड नाही.

लोक ऐकत होते. पौर्णिमा खाली बघत होती.

दुर्गाबाई पुढं आली. "याची सुट्टी होती, हे समजलं," ती म्हणाली. "आमचं वावर कोनाच्या सुट्टीत गेलं?"

शेषराव फळीवरून उतरले. श्यामनं एक पिशवी खाली घेतली, शिवण उसवली आणि तिच्यासमोर ठेवली. हे बियाणं मी भरलं आहे, असं म्हणाला. अजून पेरायची वेळ गेलेली नाही.

दुर्गाबाईनं मूठभर दाणे घेतले. एक दातानं फोडून पाहिला. मग ओलं गोणपाट मागवलं, त्यात ते दाणे पसरून गुंडाळी केली आणि घराच्या सावलीत ठेवली. "चार दिवस पाह्यतो. मोड आले तर पेरतो. आता मी कोनाचं आयकत नाही, कागदाचं बी नाही."

बाकीच्यांनीही तेच केलं.

चार दिवस शेषरावांना अमरावतीत चैन पडलं नाही. मॅडमनी दुसरं काम दिलं होतं, त्यात लक्ष लागेना. चौथ्या दिवशी त्यांनी पौर्णिमाला फोन केला आणि येतेस का, असं विचारलं. ती हो म्हणाली. दोघं बार्शीटाकळीला गेले. वाटेत फारसं बोलणं झालं नाही, पण ती शेजारी बसली होती.

दुर्गाबाईनं त्यांच्यासमोरच गुंडाळी उलगडली. पांढरे मोड आले होते, जवळपास सगळ्यांना. पौर्णिमा हसली. शेषरावांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

दुर्गाबाईनं एकेक दाणा बोटानं उलटून पाहिला आणि गोणपाट पुन्हा गुंडाळलं.

"आनखी एक दिवस पाहू," ती म्हणाली.

शेषराव जायला उठले नाहीत. "मंग मी थांबतो," म्हणाले आणि ओट्यावर जागा करून बसले. थोड्या वेळानं पौर्णिमाही येऊन त्यांच्याजवळ बसली.